जेवढे असेल तेवढे : भास्कराचार्यांची गोष्ट



मुले सहावी-सातवीत पोचली की आपल्या घरोघरी एक प्रश्न हमखास येतो. गणितात हा एक्स आला कुठून? पुढे परीक्षांच्या सरावाची पुस्तके घरात येतात आणि गणिते आणखी तऱ्हेवाईक होतात. पुस्तक लिहिणारा स्वतःच एखादे चिन्ह बनवतो, चांदणी म्हणा किंवा चौकटीतला आकडा म्हणा, त्याचा अर्थ एका ओळीत सांगतो आणि त्या चिन्हाच्या भाषेत वर्तुळाचे क्षेत्रफळ काढायला लावतो. मुलाला वर्तुळ येत असते, गुणाकारही येत असतो, पण त्या अनोळखी चिन्हापाशी गाडी अडते. मग बाबांना बोलावणे जाते, आणि बाबाही चष्मा पुसत बसतात.

चिन्ह आपणच ठरवायचे, त्याचा अर्थ एकदा पक्का केला की पुढे ते हातातल्या आकड्यासारखे वापरायचे, हा खेळ फार जुना आहे. तो ज्यांनी अतिशय शिस्तीने मांडला आणि त्याच हातांनी वर्तुळ आणि गोल यांचाही हिशेब चोख केला, ते भास्कराचार्य आपल्या सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या गावचे. आपल्यापैकी बहुतेकांना ते माहीत असतात लीलावतीच्या गोष्टीमुळे. घटिकापात्र, त्यात पडलेला मोती, टळलेला मुहूर्त वगैरे. ती गोष्ट पुढे येईलच. पण तिने एक केले. बाप सर्वांच्या लक्षात राहिला आणि गणिती मागे पडला. म्हणून आज जरा गणिती माणसाविषयी.

जुन्या काळच्या विद्वानांच्या जन्मसालावरून केवढे वाद होतात हे आपण जाणतोच. भास्कराचार्यांनी मात्र पुढच्यांवर उपकार केले. आपला जन्म शके १०३६ चा, आणि सिद्धान्तशिरोमणि हा ग्रंथ वयाच्या ३६ व्या वर्षी रचला, हे त्यांनी ग्रंथातच नोंदवून ठेवले. म्हणजे जन्म इ. स. १११४, ग्रंथ इ. स. ११५०. ज्ञानेश्वरी १२९० ची. तिच्याही १४० वर्षे आधी हा ग्रंथ पुरा झाला होता. त्यांच्या जन्माच्या वेळी दख्खनवर कल्याणीच्या चालुक्यांचे, सहाव्या विक्रमादित्याचे राज्य होते. देवगिरीचे यादव तेव्हा अजून मांडलिक होते.

गोत्र शांडिल्य, वडिलांचे नाव महेश्वर. वडील स्वतः ज्योतिषी आणि विद्वान, आणि तेच मुलाचे गुरू. गावाचे नाव विज्जडवीड. हे विज्जडवीड म्हणजे आजचे कोणते गाव यावर विद्वानांचे एकमत नाही. कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीड. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचे गाव आहे, त्या परिसराकडे बोट दाखवणारा पुरावा मला सर्वांत वजनदार वाटतो. कारण तिथे दगडावर कोरलेला लेख आहे. त्याबद्दल शेवटी सांगते.

सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग. लीलावती म्हणजे अंकगणित आणि भूमिती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. यातले पहिले दोन इतके गाजले की लोक त्यांना स्वतंत्र पुस्तकेच समजू लागले. चौघांतले खरे गाभ्याचे काम शेवटच्या दोन भागांत आहे, कारण भास्कराचार्यांचा मूळ धंदा खगोलाचा. ग्रह कुठे दिसेल, ग्रहण कधी लागेल, हे सांगायला गणित हवे म्हणून गणित.

आता त्या एक्सकडे वळू.

ज्याची किंमत माहीत नाही अशा राशीला भास्कराचार्य म्हणतात यावत्तावत्. शब्दाचा अर्थ साधा आहे : जेवढे असेल तेवढे. लिहिताना त्याचे पहिले अक्षर तेवढे घ्यायचे, या. अनोळखी गोष्ट एकच असेल तर या पुरे. दोन, तीन, चार असतील तर? मग रंग. कालक म्हणजे काळा, नीलक म्हणजे निळा, पीतक म्हणजे पिवळा, लोहितक म्हणजे तांबडा. लिहायचे का, नी, पी, लो. म्हणूनच अशा गणितांना त्यांनी अनेकवर्ण समीकरण असे नाव दिले. जी संख्या माहीत आहे तिच्यापुढे रू, म्हणजे रूप. वर्ग असेल तर व, घन असेल तर घ, वर्गमूळ पूर्णांकात सुटत नसेल तर क, म्हणजे करणी. दोन अनोळखी राशींचा गुणाकार झाला की भा, म्हणजे भावित. एखादी संख्या ऋण असेल तर आकड्याच्या डोक्यावर एक टिंब. रंगांची कल्पना त्यांच्या आधी पाचशे वर्षे, इ. स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथात दिसते, तेव्हा सगळे श्रेय भास्कराचार्यांच्या पदरात टाकायचे कारण नाही. पण या चिन्हांची सगळी मांडणी एका ठिकाणी, पायरीपायरीने आणि भरपूर उदाहरणांसह मिळते ती त्यांच्याकडे.

त्यांचे एक उदाहरण आपल्या मुलांना जरूर घाला. दोन माणसे आहेत. एकाजवळ ३०० रुपये रोख आणि ६ घोडे. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत पण त्याच्या डोक्यावर १०० रुपये कर्ज. सगळे घोडे एकाच किमतीचे, आणि दोघांची एकूण मालमत्ता सारखी. तर घोडा केवढ्याला? भास्कराचार्य हे दोन ओळींत मांडतात. वरच्या ओळीत या ६ रू ३००. तिच्या खाली या १० रू १००, आणि या १०० च्या डोक्यावर कर्जाचे टिंब. बरोबरीचे चिन्ह नाही. एकाखाली एक लिहिले म्हणजेच दोन्ही बाजू सारख्या. आता वरचे ६ घोडे खालच्या १० तून काढा, उरले ४. कर्ज तिकडून इकडे आले की ३०० चे झाले ४००. चार घोड्यांचे ४००, एका घोड्याचे १००.

इंग्लंडात रॉबर्ट रेकॉर्डने बरोबरीच्या दोन आडव्या रेघा छापल्या १५५७ मध्ये, आणि एक्स, वाय, झेडची जोडगोळी रूढ झाली फ्रान्सच्या देकार्तच्या १६३७ च्या पुस्तकापासून. एक्स, वाय आणि या, का यांच्यात कामाच्या दृष्टीने फरक काही नाही. मला स्वतःला मात्र या जास्त आवडतो. एक्स म्हटले की काहीतरी गूढ लपवले आहे असे वाटते. जेवढे असेल तेवढे म्हटले की भीती जाते. अजून कळले नाही ना, नसू दे, असेल तेवढे असेल, आपण पुढे चालू.

याच पुस्तकात चार व्यापाऱ्यांचे गणित आहे. प्रत्येकाजवळ घोडे, उंट, खेचरे आणि बैल आहेत, प्रत्येकाची संख्या निराळी, पण एकूण धन सगळ्यांचे सारखे. पहिल्याजवळ अनुक्रमे ५, २, ८, ७. दुसऱ्याजवळ ३, ७, २, १. तिसऱ्याजवळ ६, ४, १, २. चौथ्याजवळ ८, १, ३, १. घोड्याला या, उंटाला का, खेचराला नी, बैलाला पी. अनोळखी चार आणि समीकरणे तीनच, तेव्हा उत्तरे अनेक. त्यांतले लहानात लहान पूर्णांकांचे उत्तर घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१ आणि बैल ४. ताळा करून पाहा, प्रत्येकाचे धन ८५३ भरते. एखाद्या बर्फाच्या रविवारी मुलांना कामाला लावण्यासारखे आहे. बैल एवढा स्वस्त का, हे मात्र मला विचारू नका.

याहून अवघड म्हणजे चक्रवाल पद्धत. एखाद्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला तर दुसऱ्या एखाद्या संख्येचा पूर्ण वर्ग मिळाला पाहिजे, अशा लहानात लहान संख्या शोधा. प्रश्न दोन ओळींचा, उत्तर २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. भास्कराचार्यांनी ते फिरत्या चक्रासारख्या पायऱ्यांनी काढून दाखवले. पद्धतीची मुळे त्यांच्या आधीच्या जयदेव नावाच्या गणितज्ञाकडे जातात. हेच ६१ चे कोडे १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून घातले होते.

आणि सगळेच त्यांचे बरोबर होते असेही नाही. शून्याने भागल्यावर जी राशी येते तिला त्यांनी खहर म्हटले आणि ती अनंत आहे, तिच्यात काही मिळवा वा काढा, ती बदलत नाही, असे सांगितले. इथवर ठीक. पण शून्याने गुणून मग शून्याने भागले तर मूळ संख्या परत मिळते, असेही त्यांनी धरले, आणि ते आजच्या गणितात चालत नाही. इंटरनेटवरून आपल्याकडे येणाऱ्या अभिमानाच्या मजकुरांत हा भाग कधी नसतो. तो असायला हवा. त्याने माणूस लहान होत नाही.

आता वर्तुळ. लीलावतीत नियम असा आहे की परिघाला व्यासाने गुणा आणि चाराने भागा, म्हणजे वर्तुळाचे क्षेत्रफळ. परिघ कसा काढायचा? व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागा, किंवा २२ ने गुणून ७ ने भागा. पहिल्याला ते सूक्ष्म म्हणतात आणि दुसऱ्याला स्थूल, व्यवहारापुरते. ३९२७ भागिले १२५० म्हणजे ३.१४१६. ही किंमत आर्यभटानेही इ. स. ४९९ मध्ये वेगळ्या आकड्यांत दिली होती. आपण आज ज्याला पाय म्हणतो त्याला ते ग्रीक अक्षर मिळाले १७०६ मध्ये, विल्यम जोन्स यांच्या पुस्तकात.

मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे स्थूल आणि सूक्ष्म ही दोन नावे. शेत मोजणाऱ्याला २२ आणि ७ पुरतात, त्याला ३९२७ च्या खोड्यात कशाला अडकवा? पण पुरते म्हणून ते अचूक आहे असे मात्र शिष्याला सांगायचे नाही. आमच्या लहानपणी शाळेत पाय म्हणजे बावीस सप्तमांश असे घोकून घेत, आणि तो अंदाज आहे हे कॉलेजात गेल्यावर कळले.

त्यांचे उदाहरण ७ व्यासाचे. सूक्ष्म रीतीने परिघ २१ पूर्णांक १२३९ छेद १२५०, स्थूल रीतीने सरळ २२. क्षेत्रफळ सूक्ष्म रीतीने ३८ पूर्णांक २४२३ छेद ५०००, म्हणजे साडेअडतीसला किंचित कमी. आडवळण नको असेल तर थेट रीतही दिली आहे : व्यासाच्या वर्गाला ११ ने गुणून १४ ने भागा.

आता आपणच एक चिन्ह ठरवू. चक्र ७ असे लिहिले की अर्थ घ्यायचा, ७ इंच व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ. मुलांना विचारा, चक्र १४ हे चक्र ७ च्या किती पट? बहुतेक जण दुप्पट म्हणतील. करून पाहा. चक्र ७ म्हणजे ४९ गुणिले ११ भागिले १४, साडेअडतीस. चक्र १४ म्हणजे १९६ गुणिले ११ भागिले १४, बरोबर १५४. चौपट! व्यास दुप्पट झाला की वर्ग चौपट होतो, एवढेच. आता व्यवहारातला प्रश्न. पिझ्झाच्या दुकानात १४ इंची एक घ्यावा की १० इंची दोन? चक्र १० म्हणजे ११०० भागिले १४, साधारण ७८.६. दोन मिळून १५७ च्या आसपास, आणि १४ इंची एकटा १५४. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखेच, किमती पाहून ठरवा. भास्कराचार्यांनी घोडे आणि भुंगे घेतले, आपण पिझ्झा घेतला तर त्यांची हरकत नसावी.

पण परिघ गुणिले व्यास भागिले चार हेच का? लीलावतीचे पद्य फक्त रीत सांगते. कारण सांगितले ते पुढे टीकाकारांनी, आणि त्यांतले एक ठळक नाव आपल्याच कोकणातले आहे. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. ग्रहलाघव लिहिणारे तेच. पिढ्यान्पिढ्या महाराष्ट्रात पंचांगे त्या ग्रंथावरून होत. त्यांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी नावाची टीका लिहिली. तीत ते सांगतात, वर्तुळाचे दोन अर्धे करा. प्रत्येक अर्ध्याच्या केंद्रापासून कडेपर्यंत बारीक फाका पाडा, पण कडेची साल कापू नका. मग अर्धे वर्तुळ सरळ पसरा, करवतीचे दाते दिसतील. दुसऱ्या अर्ध्याचे दाते पहिल्याच्या दात्यांत बसवा. आयत तयार. त्याची लांबी अर्धा परिघ आणि रुंदी अर्धा व्यास. म्हणून परिघ गुणिले व्यास, भागिले चार. फाका जितक्या बारीक तितका आयत नेमका. पोळी, कागद, काहीही घेऊन करता येते, आणि एकदा केले की सूत्र पाठ करावे लागत नाही.

गोलाच्या बाबतीत मात्र कारण सांगायला भास्कराचार्य स्वतःच उभे राहिले, आणि माझ्या मते त्यांचा स्वभाव सर्वांत स्वच्छ दिसतो तो इथे.

त्यांच्या आधी लल्ल नावाचे मोठे आचार्य होऊन गेले होते. त्यांच्या ग्रंथाचा दबदबा असा की भास्कराचार्यांनी त्यावर स्वतः विवरण लिहिले. पण गोलाच्या पृष्ठफळाचा लल्लांच्या नावावरचा नियम चुकीचा होता. मधल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले परिघ, असा तो नियम. ७ व्यासाच्या चेंडूला तो लावला तर पृष्ठफळ ८४६ च्या वर जाते. गोलाध्यायात भास्कराचार्यांनी हे चूक असल्याचे नाव घेऊन सांगितले, आणि पटवायला घेतले काय, तर एक कापड.

चेंडूच्या परिघाच्या निम्म्या व्यासाचे गोल कापड कापा. ते चेंडूच्या डोक्यावर मधोमध ठेवून खाली ओढले की अर्धा चेंडू पुरता झाकतो, आणि चुण्या पडतात, म्हणजे थोडे कापड जास्तच होते. या कापडाचे क्षेत्रफळ चेंडूच्या मधल्या वर्तुळाच्या सुमारे अडीचपट भरते. मग अर्ध्या चेंडूचे पृष्ठ अडीचपटीहून कमीच असणार, आणि पूर्ण चेंडूचे पाचपटीहून कमी. आपल्या ७ व्यासाच्या चेंडूचे मधले वर्तुळ साडेअडतीस, त्याची पाचपट १९२ च्या आसपास. मग ८४६ कुठून येणार?

एवढ्याने लल्लांचा नियम पडला. पण खरे उत्तर किती हेही सांगायला हवे. त्यासाठी भास्कराचार्य आवळा घेतात. आवळ्यावर देठापासून बुडापर्यंत नैसर्गिक रेषा असतात, तशा रेषा गोलावर कल्पा. दोन रेषांमधली एक फाक घ्या, मधोमध तिची रुंदी एक हात धरा. मग आडव्या रेघा मारून फाकेचे लहान लहान तुकडे करा, प्रत्येकाची रुंदी ज्येच्या कोष्टकातून घ्या, आणि बेरीज करा. एका फाकेचे क्षेत्रफळ बरोबर व्यासाइतके येते. जितके हात परिघ तितक्या फाका, म्हणून गोलाचे पृष्ठफळ परिघ गुणिले व्यास, म्हणजे मधल्या वर्तुळाच्या चौपट. ७ व्यासाला १५४ ला किंचित कमी. घनफळासाठी गोलाच्या केंद्रापाशी टोके असलेल्या सुयांसारखे सुळके कल्पायचे, आणि मग पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले सहा. ग्रीसच्या आर्किमिडीजने हेच निष्कर्ष चौदाशे वर्षे आधी वेगळ्या वाटेने सिद्ध केले होते. पण आवळ्याच्या फाका करून, तुकड्यांची बेरीज घेऊन तिथे पोचणे ही वाट भास्कराचार्यांची, आणि पुढे ज्याला आपण कॅल्क्युलस म्हणतो त्याचा वास तिला आहे.

ज्या आचार्यांच्या ग्रंथावर आपण आदराने विवरण लिहिले त्यांची चूक त्यांच्या नावानिशी दाखवायची, आणि दाखवताना आपल्या अधिकाराचा आधार न घेता कापडाचा घ्यायचा, हे बाराव्या शतकात सोपे नसणार. आपल्या संस्कृतीत मोठ्यांना उलट विचारायचे नसते, असे आपण इथे मुलांना अधूनमधून ऐकवतो. ऐकवण्याआधी गोलाध्याय आठवावा.

ग्रंथ झाल्यावर भास्कराचार्यांनी त्याच्या अवघड भागांवर स्वतःच वासनाभाष्य लिहिले. वासना म्हणजे इथे कारणमीमांसा. ११८३ हे आरंभवर्ष धरून करणकुतूहल हा ग्रहगणिताचा सुटसुटीत ग्रंथ त्यांनी केला, तेव्हा वय ६९.

आता लीलावती. राहून गेलेला मुहूर्त, मोत्याने बुजलेले घटिकापात्राचे भोक आणि मुलीच्या सांत्वनासाठी लिहिलेले पुस्तक, ही कथा भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात कुठेही नाही. ती येते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसीत भाषांतर केले त्यात, म्हणजे मूळ ग्रंथानंतर ४३७ वर्षांनी. पुस्तकात बाले म्हणून, लीलावती म्हणून हाक आहे हे खरे. पण सखे अशीही हाक आहे, कुठे एखाद्या व्यापाऱ्याला प्रश्न घातला आहे. कमळात अडकलेल्या भुंग्याचे जे प्रसिद्ध गणित आहे, ज्याचे उत्तर ७२ भुंगे, त्यात तर कांता म्हणून हाक आहे, आणि मुलीला कोणी तसे म्हणणार नाही. तेव्हा लीलावती मुलगी, पत्नी, की लीलेने शिकवणारी म्हणून पुस्तकाचेच नाव, यावर मते वेगवेगळी आहेत. मला कथेचा राग नाही, ती गोड आहे. पण तिच्यात मुलीच्या वाट्याला येते ते फक्त दुर्दैव, आणि पुस्तकात जिला हाक मारली आहे तिला मात्र पानोपानी अवघड गणिते घातली आहेत आणि ती तिला येतील असे धरून चालले आहे. आपल्या मुलींना सांगायची तर मी ही दुसरी लीलावती सांगेन.

इंग्रजीत बीजगणित आले १८१३ मध्ये, एडवर्ड स्ट्रेची यांनी फारसीवरून केलेले. लीलावती १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलर यांची, आणि पुढच्याच वर्षी लंडनला कोलब्रुक यांनी थेट संस्कृतावरून दोन्हींची भाषांतरे एकत्र छापली. १९७९ आणि १९८१ मध्ये अवकाशात गेलेल्या भारताच्या उपग्रहांना भास्कर हे नाव दिले होते.

पण घराण्याचे पुढे काय झाले हे कळले ते दगडामुळे. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी पाटणचा शिलालेख उजेडात आणला, आणि १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून तो जगापुढे आला. त्यात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत नऊ पिढ्या आहेत. दुसऱ्या पिढीतल्या भास्करभट्टाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली. सहावे महेश्वर, सातवे आपले भास्कराचार्य. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर. यादव राजा जैत्रपालाने त्याला या गावातून बोलावून नेऊन आपल्या पंडितांचा प्रमुख केले. या गावातून हे शब्द महत्त्वाचे, कारण घराणे इथेच होते असे त्यावरून दिसते. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. त्याच चाळीसगाव भागात बहाळ येथे १२२२ चा आणखी एक शिलालेख आहे. तो भास्कराचार्यांच्या भावाच्या नातवाचा, अनंतदेवाचा.

चांगदेवाने पाटणला मठ काढला. हेतू एकच, आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत. आजच्या भाषेत, एका गणितज्ञाच्या ग्रंथांसाठी उघडलेली शाळा. तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ मध्ये तिला उत्पन्न लावून दिले, तेही श्रावणी पौर्णिमेला चंद्रग्रहण लागले असताना. ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्या शाळेला याहून चांगला मुहूर्त कुठला!

मठ आता नाही. दगड आहे. भारतात गेलात आणि मुंबई-भुसावळ मार्गाने जाणार असाल तर चाळीसगावला उतरा. तिथून साधारण १८ किलोमीटरवर, गौताळ्याच्या डोंगरांच्या कुशीत पाटणादेवीचे देऊळ आहे, शिलालेख तिथे जपला आहे. मुलांना दाखवताना शेवटच्या ओळींकडे बोट दाखवा. राजांची आणि घराण्याची थोरवी कोरली आहे ती संस्कृतात. गावच्या बाजारातून मठाला काय मिळायचे, गिऱ्हाइकाकडून सुपाऱ्या किती आणि चालत्या घाण्यामागे पळीभर तेल, ते मात्र मराठीत लिहिले आहे, ज्ञानेश्वरीच्या ८३ वर्षे आधीच्या मराठीत.